एफ्राइनची खाष्ट बाई

पुएब्ला शहरातल्या तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानापुढे रांग होती. पुढच्या दोघी ओफेलियाबाईंच्या लेकाबद्दल, एफ्राइनबद्दल बोलत होत्या. हे लक्षात आलं, तशी ओफेलियाबाईंनी टोपली छातीशी धरली आणि कान टवकारले.

"एफ्राइनचा पॉडकास्ट ऐकलास?"

"ऐकला ना. पण मला बाई त्याची टीव्हीवरची ती खाष्ट म्हातारीच आवडायची. केसांचा टोप लावून तोर्तियावाल्याला कसा झापायचा!"

"आता सिनेमात गंभीर कामं करतो. परवा रडवलं मेल्यानं."

"पॉडकास्टवर म्हणाला, ती म्हातारी कुणावरून उचललेली नाही. सगळी मनानंच रचली."

"डोकं आहे हं त्याला!"

ओफेलियाबाई दोघींना ओलांडून थेट पुढे गेल्या आणि दुकानवालीनं गरम तोर्तिया टोपलीत ठेवताच कडाडल्या, "अगं, कापड घट्ट गुंडाळ की! तान्हं लेकरू असं उघडं ठेवशील का थंडीत?"

मागे दोघी खो खो हसत सुटल्या.

"आजी, हुबेहूब एफ्राइन! पाठ केलंत वाटतं?"

"छे! 'तान्हं लेकरू' म्हणताना तो फार घाई करायचा."