सावडीची मॅच

माझं माहेर मुकुटबनच्या पलीकडं, जंगल संपते अन् वावरं सुरू होते तिथं. बाबाचं वावर कोरडवाहू, कापसाची पराटी अन् तूर, बस. आता तुम्ही म्हणान ताई, अशा ठिकाणी फुटबॉल कुठून आला, तर आमच्या शाळेत पीटीचे सर नवे आलते, त्याईनं पोराईले बॉल देला, पण पोरं क्रिकेट सोडाले तयार नाई, मंग सर वैतागून म्हणे, जाऊ द्या, पोरीच खेळतीन. असा आला आमच्या वाट्याले, उरलासुरला.

पण लागला मले तो बॉल. भलताच लागला. तालुक्याच्या मॅचमंदी वणीच्या एका क्लबच्या सरानं मले पाह्यलं अन् म्हणे, शनिवार-रविवार आमच्याकडं येत जाय. बूट देले. जन्मात पहिल्यांदा पायात बूट, घरी आणले तर माय म्हणे, हे घालून धावतं का उडतं?

मंग सुरू झाली ओढाताण. क्लबचे सर म्हणत, शाळेच्या त्या ढेकळाईत खेळून पाय मोडून घेशीन, तिकडं खेळू नको. शाळेचे सर म्हणत, आम्ही शिकवलं अन् आता वणीवाले मोठे झाले का? दोघं एकमेकाशी बोलत नव्हते, जे बोलाचं ते मलेच बोलत. मी दोघाईलेही हो म्हणो. दुसरं काय म्हणणार, नववीतली पोरगी मी.

तेवढ्यात वेचणी आली. ते वर्ष लय वाईट होते ताई. कापसाले भाव नाई, मजूर लावनं परवडे नाई, अन् आजूबाजूच्या गावातून अशा बातम्या येत का माय आयकता आयकता उठून चुलीकडं जाय. बाबा रागावले नाई, पण म्हणे, बाई, तू वणीले गेली तर कापूस कोण वेचन? मी हे वंदनाले सांगितलं. वंदना आमच्या टीमची कॅप्टन, गोलकीपर, गल्लीतलीच. ते म्हणे, त्यात काय, सावड करू. सावड म्हणजे आज आम्ही तुझ्या वावरात, उद्या तू आमच्या, पैसा कोणी कोणाले देत नाई. अन् खरंच रविवारी साऱ्या टीमच्या पोरी आमच्या वावरात, कमरेले कापसाच्या ओट्या बांधून, अन् मी वणीले बूट घालून पळून राह्यली. पहिली वेचणी असंच चाललं. मी मधल्या वारी शाळा सुटली का जाईन त्याईच्या वावरात, पण त्याईचं जास्त झालतं, मले समजत होतं.

अन् मंग एकाच दिवशी दोन्ही आलं. यवतमाळले शाळेची मोठी मॅच, अन् तिकडं क्लबची निवड, नागपूरले जाणाऱ्या टीमची. क्लबचे सर म्हणे, एक काहीतरी ठरव. वंदनानं सावडीचं नाव बी काढलं नाई. त्यानंच मले लागलं. मायले विचारलं तर माय म्हणे, सावड फेडा लागते बाई, ते बुडवत नाई. मी वणीले जाऊन सांगितलं का मी शाळेकडून खेळतो. सर म्हणे, ठीक हाये, बूट ठेवून जाय. ठेवले. अनवाणी आली स्टँडपर्यंत, रडली नाई.

मॅचच्या दिवशी सकाळी फाट्यावर गेली तर आभाळ काळंभोर. दुसऱ्या वेचणीची पराटी सारी फुटून पांढरी झालती, पाणी आलं असतं तर राह्यलेला माल मातीत. ज्याच्या त्याच्या बापानं आपापली पोरगी वावरात नेली. आम्ही उभ्या होतो सहा जणी. सर घडी घडी रस्त्याकडं पाहे. मंग म्हणे, सात तरी पायजे, सातच्या खाली मॅचच खेळू देत नाई. एसटी आली, कंडक्टर म्हणे, बसता का? सरानं हातानंच जा म्हटलं. गेली एसटी.

वंदनाही आली नव्हती. संध्याकाळी आली घरी, बोंडाईनं बोटं रक्ताळलेले, म्हणे, शोभा, बाबानं सोडलंच नाई वं. मी कोणावर राग करू, सांगा. तिच्या बाबावर? त्याचा काय दोष. आभाळावर? अन् त्या दिवशी पाणी बी आलं नाई ताई. एक थेंब नाई. दोघी गळ्यात गळा घालून लय रडलो.

क्लबात माह्या जागी दुसरी पोरगी लागली. वंदनाचं त्याच उन्हाळ्यात लगन झालं, शाळेची टीम मोडली. दहावीनंतर माझंही झालं, इकडं कळंबले आली. आता शाळेत पोरांची खिचडी रांधतो. कधी मैदानातून बॉल खिचडीच्या खोलीकडं येते, हात भरलेले असते तर पायानंच वापस देतो. पोरं हसते. हसू द्या.

माझी पोरगी नववीत हाये, तेही दोन्हीकडं खेळते, शाळेत बी अन् क्लबात बी. परवा म्हणे, आई, रविवारी दोन्ही मॅच एकाच टायमाले, मी कुठं जाऊ? मी म्हटलं, मले नको विचारू बाई, मी एक सोडली अन् दुसरी झालीच नाई. तुले वाटन तिकडं जाय. इथल्या चिंतामणी गणपतीले मी एवढंच मागतो, हे जाईन तिकडं साऱ्या पोरी येऊ दे.