लाल गाडीतली हिरवी लडी

न्हाय न्हाय, गाडीला काय म्हणू नका, गाडी सोन्यासारखी हाय, माझं भांडण हाय ते त्या फोनमधल्या व्हिडिओवाल्या माणसाशी! दाढी कोरलेली, हातात काळे मोजे, मागं भिंतीवर लोखंडी पाने असे ओळीनं लावलेत जसे देव्हाऱ्यात देव, आणि बोलतोय काय, 'दोस्तों, बस दस मिनट का काम है!' धा मिनिटांचं काम! अरं बाबा, धा मिनिटं मला नुसतं बॉनेट उघडायला लागतात, कारण त्याची वायर तुटल्या, दिव्याखालनं हात घालून पक्कडीनं ओढावी लागती, आणि हात बाहेर काढताना कातडं तिथंच ठेवून यावं लागतंय!

आता तुम्ही म्हणणार, परशराम, तू लेथ मशीनवरचा माणूस, पंचवीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात घालवलीस, केसाएवढा फरक पडला तरी कातलेला लोखंडी जॉब बाजूला फेकतोस, तुला एक गाडी जमंना व्हय? तुम्हाला सांगतो, लेथ गप उभा असतोय. ही गाडी चिडती! दोन दारं, दोन सीटा, वर कापडाचं टप, लाल रंग... गोव्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडनं आणली. ते म्हणाले, 'हिला तरुणपणी वारा लई प्यायला दिलाय, आता जरा जपा.' लेक सासरी पाठवताना बोलावं तसं बोलले हो! माझ्याच डोळ्यात पाणी आलं. घरी आलो तर जयाबाई... म्हणजे आमची मंडळी... साडीच्या मागावरनं उठली, दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "बाकीची अर्धी कधी येणार?"

वडगावात आमच्या गल्लीत घराघरात माग. दिवसभर खटखट खटखट. त्यात माझी ही लाल राणी उभी केली म्हटल्यावर येणारा जाणारा थांबणारच की! समोरचा कुमार तर रोज सकाळी दात घासत तिच्यासमोर उभा. त्याच्याच त्या फेसाकडं बघून मला आठवलं, फोनवाल्यानं सांगितलंय, दिव्यांची काच पिवळी पडली तर टूथपेस्ट लावा, फडक्यानं गोल गोल चोळा, धा मिनिटांचं काम! आमच्या घरी पेस्ट कुठली? लाल, लवंगेची. तीच लावली सगळी. चोळतोय, चोळतोय... आणि मागं सरकून बघतोय तर गाडी माझ्याकडं रडवेल्या लाल डोळ्यांनी बघाय लागल्या! कुमार म्हणतोय कसा, "अण्णा, गाडीला डोळं आलंत काय? दूध घाला चार थेंब!" मग पांढरी पेस्ट आणली, परत सगळं धुऊन चोळलं. खोटं कशाला बोलू, काच अशी लख्ख झाली की मी तिच्यात भांग पाडला. फक्त दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांनी मिठानं दात घासले.

त्यानं मला जोर चढला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आलती, खायचा सोडा आणि गरम पाणी ओतलं, फस्स करून सगळं साफ! मग म्हटलं, आता एअर फिल्टर. गाडी चढाला धापा टाकत व्हती, म्हणजे नाकच चोंदलेलं असणार. फोनवाला म्हणतोय, चार क्लिपा काढा, झाकण उचला, जुना काढा, नवा घाला. धा मिनिटांचं काम!

तीन क्लिपा निघाल्या. चौथ्या जागी कुठल्यातरी शहाण्यानं बोल्ट ठोकलावता. धा नंबरचा. आणि जगात कुठलाबी पाना हरवतोय तर तो धा नंबरचाच, खरं का न्हाय? मी शोधतोय, गाडीला, डॉक्टरांना, फोनवाल्याला, सगळ्यांना शिव्यांनी ओवाळतोय... एवढ्यात शेजारच्या कंपाउंडावरनं एक हात आला. हातात धाचा पाना. मालुबाईचा हात.

आता थांबा, मालुबाई कोण ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत न्हाय. आमची तिची भिंत एक. इकडं जयाचा माग, तिकडं तिचा. वीस वर्षं ह्या दोघी भिंतीवर ठोकून बोलायच्या, दोनदा ठोकलं की चहा, तीनदा ठोकलं की 'ये, गंमत सांगायची हाय'. मला दाजी म्हणायची. आणि गेल्या वर्षी, गाडी येऊन महिनाबी झाला नव्हता, तेव्हा काय झालं, एका नवरीच्या साडीच्या काठासाठी जयानं मुद्दाम हिरवं रेशीम मागवलंवतं, त्यातली एक लडी गायब! त्या दिवशी घरात कोण आलतं? विरजण मागायला मालुबाई. जया तिला चोर म्हणाली न्हाय. पण दुसऱ्या दिवशी दारात चार बायका असताना बोलून गेली, "आमच्यात हल्ली वस्तूंना पाय फुटतात बाई." झालं! मालुबाई उठली, चप्पल घातली, गेली. आठ महिने भिंत मुकी. दोन्ही माग चालायचे, पण एकमेकांवर दात खाल्ल्यासारखे. आणि मी दाजीचा 'अहो अण्णा' झालो.

तर तो हात. मी पाना घेतला. मालुबाई म्हणाली, "घ्या अण्णा. फक्त आठवणीनं परत द्या हां. न्हायतर म्हणतील, मालूनंच पळवला."

बोलली हळूच हो, पण मला कसं झालं सांगू... लेथवर बोट जाता जाता वाचलं की होतंय न्हाय, तसं.

बोल्ट काढला, झाकण उचललं. आणि आत काय? फिल्टर कुठला! आत उंदराचं घर! कागद कुरतडून गादी केलेली, कापूस, पेपर, शेंगांची टरफलं, आणि सगळ्याच्या मधोमध, पाळण्यासारखी गोल गुंडाळलेली... हिरव्या रेशमाची लडी! अर्धी कुरतडलेली, पण रंग तोच, चकाकी तीच. राजवाड्यात झोपत व्हता हो उंदीर! आपल्याला गोधडी, त्याला रेशीम!

हसू नका, मला हसू आलं न्हाय. मला पहिला विचार काय आला, सांगतो, लाज वाटती पण सांगतो. मी म्हटलं, परशराम, गप कचऱ्यात टाक. का? कारण उंदीर कुणाच्या गाडीतला? माझ्या! गाडी आली, गाडीत उंदीर आला, उंदरानं लडी नेली, म्हणजे लडी कुणी नेली? जयाबाई दुसऱ्या दिवशी गाडी भंगारात घालणार, वर मला बसवणार! मी ते घरटं फडक्यात बांधलं आणि हत्यारांच्या पेटीत तळाला दडवलं. नवा फिल्टर घातला. गाडी अशी पळाय लागली, अशी पळाय लागली की काय सांगू... आणि माझं तोंड पडलेलं. दोन दिवस जेवण गेलं न्हाय. पाना परत द्यायला गेलो तर मालुबाईनं तो चार माणसांसमोर उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाली, "बघा रं सगळ्यांनी, मिळाला हां मला माझा."

तसाच घरी आलो, पेटी उघडली, फडकं आणून जयाच्या पुढ्यात सोडलं. ती भाकरी थापत व्हती.

"काय हाय हे?"

"तुझी लडी. गाडीत व्हती. उंदरानं नेलती. मला परवाच गावली, मी दडवली. आता काय म्हणायचं ते म्हण."

तिनं परातीतनं हात काढला, पिठाच्या बोटांनी ते रेशीम उचललं, ओच्यात घेतलं आणि तशीच उठून शेजारी गेली. तवा जळतोय, भाकरी करपत्या, आणि मी भिंतीला कान लावून उभा! आधी जयाचं रडणं. तिचं रडणं मी लग्नानंतर दोनदाच ऐकलंय. मग मालुबाईचा आवाज, "आठ महिने! अगं तुझ्या तोंडातनं एकदा 'मालू' ऐकायला मी माग बंद करून बसायची, कळतंय काय तुला?" मग दोघी रडल्या, मग दोघी भांडल्या, खरं भांडण, वीस वर्षांचं सगळं काढलं. आणि मग एकदम हसाय लागल्या! कशाला म्हणता? उंदराला!

थोड्या वेळानं दोघी बाहेर आल्या. डोळे सुजलेले. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मालुबाई म्हणाली, "दाजी, उघडा ते बॉनेट."

आणि तिथं, तुम्हाला सांगतो, माझं राज्य गेलं.

फिल्टरच्या तोंडाला तारेची जाळी त्यांनी बसवली. कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या त्यांनी ठेवल्या. फाटकं टप काढलं, दोन दिवस अंगणात पसरून मापं घेतली, वरनं जाड कॅनव्हास, आतनं जुन्या इरकली लुगड्याचं अस्तर, टाके असे की मोजायला माझं मायक्रोमीटर लागावं! मी म्हटलं, "फोनवाला म्हणतोय टप बसवणं धा मिनिटांचं..." जया म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी सुई ओव."

टप झालं तसं मालुबाईची आई, निपाणीची बायाक्का, हिनं फोनवर हुकूम काढला. तिला सगळं कळलंवतं. 'दोघी बरोबर या, मगच मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार.' आता सीटा किती? दोन. जयाचं माहेर खानापूरकडचं, ट्रॅक्टर चालवून वाढलेली बाई, लायसन पर्समध्ये. दोघी बसल्या, टप उघडलं, पदर खोचले आणि गेल्या भुर्रर्र! मी मागनं बसनं.

तवंदी घाटात बस चढत्या, आणि खिडकीतनं बघतोय तर कडेला माझी लाल राणी, बॉनेट वर, दोघींची डोकी आत! मी उठून 'बस थांबवा' म्हणून कानडीत ओरडलो, "निल्लसी, निल्लसी!" कंडक्टर म्हणतोय, "इल्लि स्टॉप इल्ला री, कूडरी!" म्हणजे इथं स्टॉप न्हाय, बसा! बसवलं मला दाबून. गरम इंजिन, बाया माणसं, रस्त्यावर ट्रक... निपाणी स्टँडला उतरलो ते पळतच सुटलो बायाक्काच्या घराकडं, आता फोन करतो, रिक्षा बघतो, मागं जातो...

गाडी दारात उभी!

"काय झालंवतं?" मी धापा टाकत. जया पाणी देत म्हणाली, "पट्टा ढिला झालता. मागाचा होतोय तसाच. आवळला." वर मालुबाई, "दाजी, पुढच्या बाजूचा बोल्टबी सैल हाय, ध्यान असू द्या जरा." मला सांगत्या! माझ्या गाडीचं!

आणि बायाक्का? अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी, नऊवारी सावरून गाडीत जाऊन बसली ती उतरायलाच तयार न्हाय. "जया, मला कोगनोळीपर्यंत फिरवून आण." गेल्या दोघी. मालुबाई गेली चहा ठेवायला. मी कट्ट्यावर. तेवढ्यात गल्लीतला एक म्हातारा काठी टेकत आला, गाडी गेली तिकडं बघत राहिला आणि म्हणाला, "लई झ्याक ठेवल्या हो! कुणाची म्हणायची ही?"

मी तोंड उघडलं. चार रविवार, दोन पेस्टी, हाताचं कातडं, सगळं डोळ्यासमोरनं गेलं... आणि म्हटलं, "बायकोची."