तुळसाच्या वाट्याची गाबोळी

— नाही हो विहीणबाई, आत्ता नाही न्यायची तिला. बसा आधी, उन्हातून आलात. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे का मला कळत नाही? पण सातव्यातच? नवव्यात न्या की. रेवदंड्याचे मचवे काय पळून चाललेत भाऊच्या धक्क्यावरून? आणि इथे लालबागेत तिला काय कमी आहे? — वाळली म्हणता? आईला लेक सासरी वाळलेलीच दिसते हो. वाळली नाही, उंच झालीय. आणि पांढरी कुठे पडली? गोरी झाली. सातव्यात तेज चढतं बाईला. बांगड्या कोपरापर्यंत जातात त्या मेल्या कासाराच्या चुकीनं, मी सांगितलं होतं त्याला, हात लहान आहे पोरीचा. नाही नाही, माझ्या सुनेला मी उपाशी ठेवते असं कुणी म्हणून दाखवावं या चाळीत!

आणि तुम्ही काय कमी धाडता हो तिच्यासाठी! तुमच्याकडच्या मचव्याचा कुशाबा तांडेल धक्क्यावर उतरला की टोपली आलीच समजायची — वर केळीचं पान, खाली घोळीची गाबोळी, नाहीतर रावसाची. अशी गाबोळी मुंबईत डोळ्यांना दिसत नाही बाई. इथल्या कोळणी मासा विकतात आणि पोटातली अंड्यांची गाबोळी काढून घरी नेतात, शहाण्या आहेत. आणि मीही ती अशीतशी नाही करत. आधी हळद-मिठाच्या पाण्यात हळूच उकडायची — पापुद्रा फुटता कामा नये, फुटला की दाणे सुटले, झाला चिखल. निवली की चकत्या कापायच्या, तिखट लावायचं, तांदळाच्या पिठात घोळवायची, आणि तव्यावर मंद, अगदी मंद. वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी! उरलीच तर दुसऱ्या दिवशी कांदा-कोकम घालून परतायची, भाकरीबरोबर अशी लागते — अहो, तोंडाला पाणी सुटलं बघा माझ्या, बोलता बोलता. आज आणलीय ती कसली? घोळीची? ठेवा इकडे सावलीत. बरं, राहू दे तुमच्या मांडीवर.

बळ तर विचारू नका. आमचे वैद्यबुवा सांगतात — स्वतः खात नाहीत हो, ब्राह्मण, पण सांगतात मात्र अगदी चव घेतल्यासारखं — म्हणाले, रक्त वाढतं, हाडं घट्ट होतात, डोळ्यांना तेज येतं, आणि बाळंतिणीच्या अंगावर दूध असं येतं की शेजारचं पोर पाजावं. आणि मी म्हणते, वैद्य कशाला हवा? मासा खाल्ला तर एका माशाचं बळ, गाबोळी खाल्ली तर अख्ख्या दर्याचं! तुमच्या जावयाकडेच बघा ना, आमच्या गुणाजीकडे. माघात गिरणीतून यायचा तो भिंत धरून जिना चढायचा. आता? दंड बघा त्याचे. गाल बघा. सुट्टी म्हणून निजलाय तिकडे गॅलरीत, घोरणं ऐका, घोरण्यातसुद्धा बळ आहे.

— काय? गुणाजीनं? म्हणजे… दोघांनी हो. दोघांनी. त्यानं खाल्ली, तिनं खाल्ली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तिलाच विचारा. तुळसा, ये गो बाहेर, राहू दे तो हंडा. सांग आईला, गाबोळी कशी लागते? लाजतेस काय, सांग. — काय म्हणालीस? वास चांगला येतो? ऐकलंत ना विहीणबाई? वास चांगला येतो म्हणते. म्हणजे आवडतेच की तिला!

अशा काय बघता? अहो, उष्ण असते ती. गर्भाला सोसत नाही. — हो, बळ असतं म्हटलं मी, पण बळ पुरुषाला, बाईला उष्ण. रीत का मी काढली? आधी पुरुष जेवतो. मग मी दोन चकत्या घेते, मीठ बघायला. मीठ नको बघायला? मग उरली तर ती सकाळच्या डब्याला लागते, गिरणीत जाणाऱ्यानं काय कोरडी भाकरी न्यावी? पण तवा मी तिलाच देते हो, तव्यावर भाकरी पुसून खाते ती, आणि सगळं सत्त्व तव्यालाच तर धरतं. आमची सासू तवासुद्धा राखेनं घासून ठेवायची आमच्या आधी. चार पोरं झाली मला, त्यातला हा एक राहिला, पण मी कधी तोंडातून शब्द काढला? कुणी विचारलंच नाही तर काढायचा कुणापाशी —

अगो बाई, गुणाजी, तू कधी उठलास? काही नाही रे, बायकांचं बोलणं. जा, नीज. — हो, म्हटलं होतं मी. तू दर खेपेला विचारायचास, तुळसानं खाल्ली का, आणि मी म्हणायची, पोटभर खाल्ली, आता तू खा. मग काय सांगू? नाही म्हटलं असतं तर तुझ्या घशाखाली घास उतरला असता का? आईनं लेकाच्या पोटासाठी एवढंसं खोटं — ते लुगडं कशाला काढतोस खुंटीवरून? गुणाजी, मी तुझ्याशी बोलतेय. बोचकं कसलं बांधतोस? अरे, बायकोचं बोचकं खांद्यावर घेऊन जिना उतरणार? सगळी चाळ बघेल!

थांबा हो विहीणबाई, असं तडकाफडकी नसतं करायचं. पोरीला न्यायची तर ओटी भरते मी, कुंकू लावते. आणि ती गेली तर खालच्या नळावरून पाणी कोण — म्हणजे मला करमायचं नाही हो तिच्यावाचून. तुळसा, तू तरी थांब गो. मागे तरी बघ! — बरं, जा. न्या तुमची लेक. पण विहीणबाई, टोपली! अहो, टोपली तरी ठेवून जा! गुणाजी रात्री जेवायला परत येईल की नाही? येशील ना रे? … गुणाजी?

…

तू काय बघतेस गो सोनूबाई, आपली खोली सोडून माझ्या दारात उभी राहून? गाबोळी आलेली कळली वाटतं. जा घरी. आज आमच्याकडे वाससुद्धा नाही.