मोझेसला घातलेलं गाऱ्हाणं

तुम्ही हसाल, पण आमच्या मरोळच्या लिलावघरात मोझेससमोर नारळ फुटलाय. बायबलमधला मोझेस, ब्राँझचा, माणसाएवढा, छातीपर्यंत दाढी. लिलावाच्या सकाळी आमच्या हमालांचे मुकादम सावंतकाका, पक्के मालवणी, त्याला हार-कुंकू वाहून गाऱ्हाणं घालायला लागले, "बा देवा म्हाराजा, आज तुझो लिलाव आसा, तुका चांगला गिऱ्हाईक गावां दे!"

आम्ही सगळे ओरडलो, "होय म्हाराजा!"

मागे वळून बघतो तर मूर्तीचे मालक, वांद्र्याचे पिंटो अंकल! माझी वाट लागली.

"अरे, लोक मूर्तीची पूजा करतात म्हणून हा माणूस भडकला होता," ते म्हणाले, "आणि तुम्ही त्याच्याच पुढे नारळ फोडता?"

"सॉरी अंकल, लगेच पुसतो."

कुंकू पुसलं, हार काढला. संध्याकाळी लिलाव सुरू झाला आणि बोली पहिल्याच आकड्यावर अडकली. तेवढ्यात पिंटो अंकल माझ्या कानाशी आले.

"तुझे ते सावंतकाका कुठे आहेत रे? त्यांना म्हणावं, हळू आवाजात गाऱ्हाणं परत घाला. 'होय म्हाराजा' मी म्हणतो."