तिरप्या रेघांचं नाणं

भिमाजी : पाच लाख, यशोताई! मोबाईलवर दावत्यात. टाकसाळीत चुकल्यालं नाणं घावलं की मानूस मालामाल. नीट बघ की.

यशोधरा : बघतेय, भिमाजीकाका. गिरणीच्या दारात उभं राहून उजेड अडवू नका.

भिमाजी : धाचंच हाय, पर दोन्ही अंगाला तिरप्या रेघा बघ कशा एकसारख्या! तू आयटीआय केल्याली, म्हणून तुझ्याकडं आलो.

यशोधरा : माझ्याकडं? पंधरा दिवस तळेघर गावभर तुम्हीच सांगताय ना, यशोधराच्या गिरणीत भात भरडलं की नुसती कणी पडते? सगळे जण पोती एसटीत टाकून घोडेगावला चाललेत.

भिमाजी : कणी पडती तर कणीच म्हणनार की.

यशोधरा : पट्टा बदलला, पातं बदललं, भात सोलणारा रोळ घासला. कारणच सापडेना. आता सोमवारी गिऱ्हाईक येतंय. माझ्या आबांनी उभी केलेली गिरणी विकावी लागणार, काका.

भिमाजी : आगं, विकती काय लगीच! ...बरं, नाण्याचं सांग.

यशोधरा : टाकसाळीतली चूक ठशाबरोबरच येते. इथं आकडा आधी पुरता उमटलाय, ओरखडा त्याच्यावरून गेलाय. बोट फिरवा. सरकलेला धातू लागतो का हाताला?

भिमाजी : लागतोय खरा.

यशोधरा : म्हणजे मार नंतर बसलाय, कुठल्यातरी मशीनमध्ये. मिळालं कुठं?

भिमाजी : एसटीत. कंडक्टरनं दिलं.

यशोधरा : कंडक्टर कोंडा खातो का? रेघांत कोंडा भरलाय. या कुशाकाकी, तुमचे मालक लखपती व्हायला निघालेत.

कुशाबाई : ते नाणं व्हय? म्हशीच्या कोंड्यात घावलं तवाधरनं डोळ्याला डोळा न्हाई ह्यांच्या! मला हात लावू देत न्हाईत.

यशोधरा : कोंडा इथलाच?

कुशाबाई : दुसरा कुठला? आन बघू हिकडं... आगं बाई! नव्या भाताच्या पयल्या पोत्यात मी दरसाली धाचं नाणं ठिवते, लक्ष्मी म्हणून. गिरणीत आणायच्या आदी काढून घेते. औंदा काढायचंच ऱ्हायलं!

यशोधरा : थांबा. हा आबांच्या वेळचा जुना रोळ, आत बसवलाय तसलाच. नाणं ह्याच्या धारांवर ठेवा.

भिमाजी : बसलं की! रेघ न रेघ!

यशोधरा : म्हणजे नाणं रोळ आणि त्याच्याखालच्या जाळीमधून रगडत गेलं. जाळी! नवीकोरी म्हणून तिच्याकडं बघितलंच नाही मी.

(भात भरडायच्या यंत्राचे, म्हणजे हलरचे बोल्ट खोलल्याचा आवाज.)

यशोधरा : हे बघा, आतून चेपलीय. दाणा इथंच तुटतोय. काकी, जुनी जाळी बसवली की झालं! गिरणी वाचली माझी!

भिमाजी : आन माझं पाच लाख?

यशोधरा : दहा रुपये. तेही दुकानदारानं घेतलं तर.

कुशाबाई : लाख ऱ्हाऊ द्या. गावभर बोंबलत फिरला, आता तसंच फिरून खरं काय ते सांगा.

भिमाजी : काय सांगू? बायकोनं हलर बिघडिवला?

कुशाबाई : तेच सांगा. माझं नाव घेऊन सांगा. मला न्हाई लाज वाटायची.

यशोधरा : मी आधी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवते.

भिमाजी : कळव, कळव. आन पोरी, घोडेगावला न्यायला चार पोती बांधून ठिवल्यात. जाळी कवा बसंल?

यशोधरा : तासाभरात.

भिमाजी : मंग हिथंच आणतो. पर तासात न्हाई व्हायचं. दारोदार सांगत यायचं हाय.