डाव्या नळाची

छोट्या : हसू नकोस ताई. कंबर धरलीय माझी.

ताई : हसू नको तर काय करू? एवढा बाप्या झालास, आणि रिकामं पिंप उचलता उचलता उताणा पडलास!

छोट्या : रिकामं आहे हे मला कुणी सांगितलं होतं? भरलेलं समजून जोर लावला मी. मघापासून तेच विचारतोय. हे रिकामं झालं कसं?

ताई : पिंपं कशी रिकामी होतात? लोक पितात.

छोट्या : माझी बिअर? तुझ्या बारमध्ये? कोण पितं?

ताई : तेही खरंच. कोण पितं?

छोट्या : गल्ल्यावर तू असतेस, तूच सांग. माझ्या उजव्या नळाची या आठवड्यात कुणीकुणी मागितली?

ताई : ती गिटार शिकवणारी बाई मागते. एकदा तिच्याबरोबर कुणी मित्र होता. आणि एकाने चुकून मागितली, पण ग्लास बघूनच बदलून घेतली.

छोट्या : आणि तेवढ्यात अख्खं पिंप संपलं?

ताई : गळत असेल कुठेतरी.

छोट्या : फरशी कोरडी ठणठणीत आहे. ओणवा होऊन वास घेतला मी. फिनेलशिवाय काही नाही.

ताई : मग तूच येऊन पितोस का रे गुपचूप? या थंड खोलीची किल्ली असते तुझ्याकडे.

छोट्या : माझीच बिअर मी चोरून पिऊ? घरी दोन पिंपं भरलेली पडून आहेत. बायको त्यांच्यावर कापड टाकून चहाचं टेबल करणार आहे म्हणते. ताई, खरं सांग. तू फुकट वाटलीस ना?

ताई : मी कशाला वाटू?

छोट्या : माझी दया येऊन. आज दुपारी बिअर कंपनीचा माणूस माझा नळ ताब्यात घ्यायला येणार. तेव्हा निदान मला वाटावं की शेवटी शेवटी खपली तरी.

ताई : तुझी दया मला तू शाळेत असताना यायची. आता राग येतो. अख्खा उन्हाळा तो नळ तुझ्यासाठी अडवून धरला मी. कंपनीवाले एकसारखे फोन करतायत, आमची दुसरी बिअर लावतो, वर नवीन खुर्च्या देतो म्हणून. काल एकदाचं 'या' म्हटलं, ते मन घट्ट करून. तुला काय वाटतं, मला झोप लागली?

छोट्या : मला तरी कुठे लागली? हा नळ गेला की माझं बिअर करणं संपलं. परत छापखान्यात जायचं, आणि तिथे सगळे विचारणार, काय रे, किती दिवसांचा शौक होता?

ताई : मी तुला पहिल्यापासून सांगत होते. बिअर वाईट नाहीये तुझी. तुझा तो फळा वाईट आहे. लोक दिवसभर राबून येतात, त्यांना नुसतं बसायचं असतं. आणि समोर तू काय लिहून ठेवलंयस? म्हण बरं एकदा.

छोट्या : 'संत्र्याच्या सालीची चाहूल, ओल्या गवताचा दरवळ आणि शेवटी रेंगाळणारा कडवटपणा.'

ताई : अरे, रेंगाळणारा कडवटपणा घरी आहे म्हणून तर येतात ना ते इथे!

छोट्या : आपण काय पितोय ते लोकांना कळायला नको?

ताई : वेल्डरकाकांनी फळा वाचून विचारलं, हा बार आहे की अत्तराचं दुकान? नाव काय, तर म्हणे 'धुकं'. वर वाइनला असतो तसा देठाचा एवढासा ग्लास. त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, पोरी, गढूळ आहे, बदलून दे.

छोट्या : गढूळ म्हणाले म्हणून तर या खेपेला गाळून आणली. कंपनीच्या बिअरशेजारी ठेवली तर नुसतं बघून मलासुद्धा ओळखू यायची नाही.

ताई : मग आता तिला 'धुकं' का म्हणायचं?

छोट्या : ते विचारू नकोस. माझ्याच डोक्यात गोंधळ आहे. बाजूला हो, ते डाव्या नळाचं, कंपनीचं पिंप बघू दे. हे कधी बदललंस?

ताई : गेल्या खेपेला नळ्या धुतल्या, त्याच्या आदल्या रात्री बार बंद करताना नवं लावलं. त्यानंतर... थांब. त्यानंतर बदललंच नाही मी.

छोट्या : ताई, हे भरलेलं आहे.

ताई : कसं शक्य आहे? रोज संध्याकाळी टायरवाला, काका, ते गोदामातले चौघं, सगळे डाव्या नळाचीच पितात.

छोट्या : हलव ना तूच. जागचं हलत नाही.

ताई : अगं बाई! मग ते आठवडाभर पितायत काय?

छोट्या : तू बाहेर काउंटरखाली जा. डाव्या नळाची नळी धर आणि हळूच ओढ. मी इथे बघतो.

ताई : धरली. ओढतेय बघ. हलतेय का?

छोट्या : परत ओढ.

ताई : अरे, तुटेल ती! कुठल्या पिंपाची हलली?

छोट्या : माझ्या.

ताई : काहीतरी बोलू नकोस. मी आत येते, थांब. नळ्या बाबांनी शिकवल्या तशाच लावते मी. डावी नळी डाव्या पिंपाला, उजवी उजव्याला. डोळे मिटून लावेन.

छोट्या : डोळे मिटूनच लावल्यास. पिंपांची मांडणी मी फिरवली होती.

ताई : काय केलंस?

छोट्या : पंख्याची हवा थेट कंपनीच्या पिंपावर यायची. माझं कोमट राहायचं. म्हणून अख्खी मांडणी फिरवली आणि नळ्या पोचतील तशा नीट जोडून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तू धुतल्यास आणि सवयीने लावल्यास.

ताई : आणि हे मला सांगायचं नाही?

छोट्या : सांगणार होतो. तू फोनवर होतीस. मग राहून गेलं. पण ताई, म्हणजे, अगं, म्हणजे ते सगळे माझी प्यायले! टायरवाला, गोदामवाले, सगळे! मगातून! आणि कुणी परत केली नाही!

ताई : परवा टायरवाला म्हणाला खरं, आज बरी लागतेय, नळ्या धुतल्या वाटतं. मी म्हटलं, हो, धुतल्या.

छोट्या : बघ! आवडली त्याला! आणि... अरेच्चा. मग ती गिटारवाली बाई काय प्यायली?

ताई : कंपनीची. तुझ्या देठाच्या ग्लासातून, तुझ्या बिअरच्या किमतीला. शी! माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. आता आली की पहिला ग्लास माझ्याकडून.

छोट्या : पण ती मला स्वतः म्हणाली. डोळे मिटून म्हणाली, गवताचा दरवळ अगदी येतोय. मी रात्री बायकोला उठवून सांगितलं ते. मग तो दरवळ कुठून आला?

ताई : फळ्यावरून.

छोट्या : आणि ज्यांनी फळ्याकडे ढुंकून बघितलं नाही, त्यांना काय आवडलं? बिअर आवडली, की कंपनीची समजून आवडली? मी खूश होऊ की नको, ते सांग.

ताई : मला विचारू नकोस. माझं डोकं चालेनासं झालंय.

छोट्या : मी फळा पुसतो. आज मोठ्या अक्षरांत लिहितो, 'आठवडाभर तुम्ही हीच प्यायलात!' सगळ्यांना कळू दे. मग कंपनीचा माणूस येऊ दे नाहीतर त्याचा साहेब.

ताई : आणि लोक म्हणतील, ही बाई डाव्यातलं उजव्यात करते. बाबांपासून विश्वासाने येतात रे ते. दारावर कोण आहे बघ.

वेल्डरकाका : मीच आहे. दार उघडं दिसलं. हे घे पोरी तुझं स्टूल. पाय असा जोडलाय, हत्ती बसला तरी हलायचा नाही.

ताई : काका, बार उघडल्यावर आणलं असतंत तरी चाललं असतं.

वेल्डरकाका : घरी बसून काय करायचं? आणि मला एक विचारायचं होतं. सगळ्यांसमोर नको वाटलं. हसू नका.

छोट्या : नाही हसत. विचारा ना.

वेल्डरकाका : ही आपली नेहमीची असते ना, डाव्या नळाची. कंपनीने तिच्यात काही बदललंय का?

ताई : का हो? वेगळी लागते?

वेल्डरकाका : लागते. म्हणजे, काहीतरी लागतं. बायको गेली ना माझी, तेव्हापासून कशालाच चव नव्हती. डबा यायचा, तो पोटात ढकलायचो. डॉक्टरला जीभ दाखवली, तो म्हणाला, जीभ उत्तम आहे. इथे यायचो तेसुद्धा समोर बिअरचा मग असला की कुणीतरी बोलायला येतं म्हणून. आणि आठेक दिवसांपूर्वी एक घोट घेतला आणि थांबलोच. म्हटलं, अरे, कडू आहे ही! आणि मागून एक वास. ती कपाटात कपड्यांमध्ये संत्र्याची साल ठेवायची, वाळवून. तसा वास. आता बिअरमध्ये तो कुठून येणार?

छोट्या : संत्र्याची साल? काका, तुम्ही फळा वाचला होता का पुन्हा?

ताई : छोट्या, गप्प बस.

वेल्डरकाका : फळा कोण वाचतं? तर म्हटलं, बिअर तीच, हातातला मग तोच, बसायची जागा तीच. म्हणजे मीच सुधारतोय. लेकीला फोन केला. ती रडायलाच लागली. डबा बंद केला आणि काल स्वतः भाजी केली.

ताई : कशी झाली?

वेल्डरकाका : खारट! पण खारट लागली, बरं का. उभ्या उभ्या संपवली. आलोच, हात धुतो जरा, ग्रीस लागलंय.

ताई : छोट्या, तुला माझी शपथ. एक अक्षर बोलू नकोस.

छोट्या : त्यांना संत्र्याची साल लागली ताई. न वाचता. अख्ख्या गावात एका माणसाला लागली.

ताई : म्हणून सांगायचं? बरा झालो म्हणून आनंदात आहे बिचारा माणूस. त्याला सांगायचं, काका, तुम्ही नाही, पिंप बदललंय?

छोट्या : आणि नाही सांगितलं तर? आज कंपनीचा माणूस नळ्या लावून जाईल. उद्या काका येतील, घोट घेतील, आणि सालीचा वास येणार नाही. काय वाटेल त्यांना? म्हणतील, चव गेली पुन्हा.

ताई : मग डाव्या नळाला तुझीच राहू दे. गुपचूप, कायमची. तुझी खपेल, त्यांना चव येईल. मी कुणाला काही बोलणार नाही.

छोट्या : हे तू बोलतेस? आत्ता विश्वास-विश्वास करत होतीस.

ताई : माझं मलाच कळत नाहीये मी काय बोलतेय.

छोट्या : मला खपायला हवी होती ताई. पण अशी नको. काका! जरा इकडे या. ही बिअर कंपनीची नाही. माझी आहे. ही मागची मांडणी मी फिरवली आणि नळ्यांची अदलाबदल झाली.

ताई : लावल्या मी होत्या. चूक माझी आहे, काका.

वेल्डरकाका : म्हणजे आठ दिवस मी ह्याची पीत होतो? ती गढूळ?

छोट्या : आता गाळलेली. संत्र्याची साल मीच घालतो तिच्यात.

वेल्डरकाका : असं होय. म्हणजे चव पिंपात होती. मला वाटलं, माझ्या तोंडाला आली.

(वेल्डरकाका स्वतः जोडलेल्या स्टुलावर बसतात.)

वेल्डरकाका : आता लेकीला काय सांगू?

छोट्या : काका, पण ती भाजी.

वेल्डरकाका : भाजीचं काय?

छोट्या : भाजीत मी नव्हतो. ती तुम्ही केलीत.

वेल्डरकाका : हो.

छोट्या : आणि खारट लागली.

वेल्डरकाका : चांगलीच खारट. रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो.

ताई : मग काका, बरे झालात की नाही तुम्ही?

वेल्डरकाका : काही समजत नाही बघ, पोरी.

ताई : आम्हालाही नाही. सकाळपासून इथे कुणाला काही समजत नाहीये. थांबा, गाडी वाजली. कंपनीचा माणूस आलाय वाटतं.

छोट्या : काय सांगणार आहेस त्याला?

ताई : सांगते, चहा घ्या आणि जा, नळ रिकामा नाही.

छोट्या : कुठला? डावा की उजवा?

ताई : ते आधी तू आत जाऊन नळ्या बघ, मग मला सांग. आणि संध्याकाळच्या आत फळ्यावर लिही, काय झालं ते खरं खरं, दोन ओळींत. गवत-बिवत नको. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे, मी उभी राहते समोर.

वेल्डरकाका : छोट्या, त्या पिंपाच्या तळाशी काही उरलंय का?

छोट्या : एक ग्लासभर निघेल. देठाच्या ग्लासात देऊ का? वास चांगला...

वेल्डरकाका : माझ्या मगात दे. आणि तुझा तो फळा वाचून दाखवू नकोस. थांब जरा. काय लागतंय ते मी सांगतो.