टाकीतले दगड

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला हसता ना तुम्ही? मग आता ऐकाच.

जोडीतला एक मासा मेला. उरलेला काय खाईना, म्हणून मी मुंबईवरून त्याला जोडीदार आणला. त्याची पिशवी आधी टाकीच्या पाण्यात तरंगवली, मग हळूच नव्याला सोडला. जुन्याने त्याला असा कोपऱ्यात रेटला की बिचाऱ्याची शेपटीच फाटली.

बायको म्हणाली, "अहो, मरेल तो!"

म्हटलं, "मी हाय ना! जुन्याला वाटतं घर त्याचंच. आपण सगळे दगड हलवायचे. मग त्यालाही आपली जागा सापडत नाय. दोघंही नवीन, भांडण खलास."

हलवले दगड. संध्याकाळी दोघं शेजारी शेजारी पोहतायत! मी रुबाबात घरभर फिरतोय. बायको मात्र टाकीसमोर बसून हलवलेल्या दगडांकडे बघतेय.

आता आमच्या आईचं स्वयंपाकघर तुम्हाला ठाऊक हाय. लग्नाला वर्ष झालं, पण तिथला एक डबा इकडचा तिकडे करायची सुनेला सोय नाय.

दुसऱ्या दिवशी धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून घरी आलो, तर आई ओट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी. सगळ्या फळ्यांवरचे डबे जागचे हललेले.

"मिठाची बरणी कुठं गेली गो? धरमतरच्या मिठागरात जन्म गेला माझा, आणि माझ्याच घरात मला मीठ गावत नाय!"

बायको शांतपणे म्हणाली, "दोघी मिळून शोधू, आई. मलापण आठवत नाय."